टीडीएस मीटर बाजूला ठेवा, आधी नळावरचा क्लोरीन बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नगरपंचायत. धरणाचं पाणी फिल्टर प्लांटवरून टाकीत येतं आणि तिथून घरोघर जातं, पण चौथ्या-पाचव्या दिवशी, तेही तासभर. उन्हाळ्यात त्यात बोअरचं पाणी मिसळतात. घरी सहा वर्षांची मुलगी, पावसाळा लागल्यापासून तिला तीनदा जुलाब झाले. आरओ विकणारा येऊन गेला, त्याने मीटरवर टीडीएस ७४० दाखवला आणि पाण्यात तारा सोडून ते तपकिरी करून दाखवलं. तुम्ही विचारलंय की हे पाणी पिण्याजोगं आहे का, आरओ घ्यावा की जार लावावा, आणि तपासायचं तर काय आणि कुठे.

माझी सगळी नोकरी मराठवाडा-विदर्भातल्या छोट्या पाणीपुरवठा योजनांवर गेली. त्या जोरावर सांगतो, ७४० या आकड्याने घाबरण्यासारखं काही नाही. तुम्ही लिहिलेल्यातली काळजीची गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे 'चौथ्या-पाचव्या दिवशी, तासभर'.

आधी त्या तारांच्या खेळाचं बघू, कारण तो गावोगाव चालतो. त्या यंत्रात एक कांडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज होतो. तो तपकिरी गाळ तुमच्या पाण्यात नव्हताच, कांडीतून आला. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. पुन्हा कोणी आलं तर त्याच्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता लाव तारा. तेही तसंच तपकिरी होईल. विक्रेता सहसा त्याआधीच निघतो.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराइड, सगळं त्यात आलं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी मिसळलं की ७०० च्या आसपास जाणं अगदी नेहमीचं. चहा थोडा बेचव लागेल, डाळ उशिरा शिजेल, गिझरला पांढरा थर बसेल. यातलं काहीही मुलीला जुलाब करणार नाही. उलट टीडीएस १५० असलेल्या झुळझुळीत पाण्यातही गटाराचा अंश असू शकतो आणि त्या मीटरला तो कळत नाही. जिवाणू, विषाणू, कीटकनाशकं, यातलं काहीच त्या मीटरवर दिसत नाही. फ्लोराइड-नायट्रेट त्या बेरजेत गुडूप होतात.

आता खरा मुद्दा. तुमच्या गावच्या फिल्टर प्लांटमधून पाणी बहुधा बरं निघत असेल. बिघडतं ते टाकीपासून तुमच्या नळापर्यंतच्या वाटेवर. पाइपलाइन भरलेली आणि दाबाखाली असते तेव्हा गळतीतून पाणी बाहेर जातं, आत काही येत नाही. सप्लाय बंद झाला की लाइन रिकामी होते आणि त्याच भोकांतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. छोट्या गावांत पाइप कुठून जातो ते आठवून बघा. नळजोडणीचा पाइप गटार ओलांडून, कित्येकदा गटाराच्या पाण्यातूनच घरात शिरतो. व्हॉल्व्ह चेंबर पावसाळ्यात तुंबलेले असतात. तुमच्याकडे लाइन चार दिवस रिकामी पडते आणि मग तासभर भरते. त्यात घरोघर टिल्लू पंप. सगळ्यांनी एकदम पंप लावले की लाइनीत ओढ निर्माण होते, म्हणजे सप्लाय चालू असतानाही गटाराचं पाणी आत खेचलं जातं. लोकांना दोष देण्यात अर्थ नाही, दाबच नसतो तर माणूस पंप लावणारच. पण ज्या गल्लीत पंप जास्त त्या गल्लीत गढूळ पाण्याच्या तक्रारी जास्त, हे मी नेहमी पाहत आलोय. साताऱ्यात कराडजवळच्या मलकापूर नगरपंचायतीने मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं, त्याचा मोठा फायदा लोक 'सोय' म्हणून सांगतात. माझ्या मते त्याहून मोठा फायदा हा की लाइन कायम दाबाखाली राहते आणि बाहेरचं आत येत नाही.

याचे परिणाम आपल्या राज्याने पाहिलेत. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. पाण्यातून येणारी कावीळ म्हणजे बहुतेकदा हिपॅटायटिस ए किंवा ई. 'ई' गरोदर बायांना, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, जीवघेणी ठरू शकते. या काविळीची एक खोडी आहे. पाण्यातून विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जाऊ शकतात. जुलैमध्ये रुग्ण दिसायला लागतात आणि यंत्रणा जुलैचं पाणी तपासते. ज्या गळतीने घात केला ती मे महिन्यातली असते, मधल्या काळात कोणीतरी क्लॅम्प मारून गेलेला असतो. अहवाल 'पाणी योग्य' येतो आणि सगळे सुटल्यासारखे वाटतात.

दुसरं उदाहरण ताजं आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात, किरकटवाडी, धायरी आणि नांदेड (तुमचं नव्हे, पुण्याजवळचं नांदेड गाव) इथे गुइलेन-बारे सिंड्रोमचे (नसांवर घाला घालून हातपाय लुळे पाडणारा आजार) रुग्ण एकदम वाढले. पुढे ही संख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि पाण्यावर संशय गेला. त्या चौकशीत खाजगी आरओ प्लांटच्या पाण्याचे नमुनेही दूषित निघाले आणि महापालिकेला असे काही प्लांट बंद करावे लागले. जारकडे वळण्याआधी हे ध्यानात ठेवा.

लाइनीत थोडीफार घाण शिरणार, हे धरूनच पाण्यात क्लोरीन शिल्लक ठेवतात. टाकीत क्लोरीन घालायचं ते फक्त टाकीतले जंतू मारायला नव्हे, तर वाटेत काही शिरलं तर त्याला तोंड द्यायलाही. मानक सांगतं की नळावर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा. साथ असेल तर ०.५ च्या वर ठेवतात. आणि नळ म्हणजे टाकीखालचा नळ नव्हे, लाइनीच्या शेवटच्या टोकाचा नळ.

छोट्या गावांत हे बिघडतं कुठे? बहुतेक वेळा टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, पोत्यात. ब्लीचिंग पावडर ताजी असते तेव्हा तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, पंपघराच्या पत्र्याखाली उन्हात तापलं की तो उडून जातो. २० टक्क्यांच्या खालची पावडर वापरायची नाही असा आपल्याकडे दंडक आहे, पण पोत्यावर काय शिल्लक आहे ते लिहिलेलं नसतं. हिशोब सोपा आहे. एक लाख लिटर पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर २०० ग्रॅम क्लोरीन लागतो. पावडर २५ टक्क्यांची असेल तर ८०० ग्रॅम, १० टक्क्यांवर उतरलेली असेल तर दोन किलो. माणूस मात्र रोज तेच एक डबडं भरून टाकतो. रजिस्टरमध्ये 'टीसीएल टाकले' अशी नोंद होते, ती खोटीही नसते.

पावसाळ्याची भर वेगळीच. पहिल्या पुरात नदी-धरणाचं पाणी लाल होतं. त्या दिवसांत तुरटीचा डोस रोज तपासून बदलायला हवा, फिल्टर बेड जास्त वेळा उलट्या पाण्याने धुवायला हवेत. ते झालं नाही तर गढूळपणा तसाच पुढे जातो. गढूळ पाण्यातला सेंद्रिय गाळ क्लोरीन खाऊन टाकतो आणि गाळाच्या कणांच्या आड जंतू लपतात. गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत हवा, फार तर ५, हा नियम त्यासाठीच आहे. तुमच्या मुलीचे तिन्ही जुलाब पावसाळ्यात झाले, हे वाचून मला पहिल्यांदा हेच आठवलं. अर्थात जुलाब पाण्यानेच झाले असं घरबसल्या मी म्हणणार नाही. शाळेतलं पाणी, बाहेरचं खाणं, हात न धुणं, काहीही असू शकतं. तुमच्याच लाइनीवरच्या दहा-बारा घरांत विचारा. त्याच आठवड्यांत तिथेही पोटं बिघडली असतील आणि दुसऱ्या टाकीवरच्या गल्लीत नसतील, तर पाण्याकडे बोट दाखवायला तो मोठा पुरावा आहे.

म्हणून पहिली तपासणी घरच्या नळावरची, क्लोरीनची. ओटी (ऑर्थोटोलिडीन या रसायनाने क्लोरीन तपासायच्या) टेस्टचं किट नगरपंचायतीच्या पाणीपुरवठा विभागात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात असतं. केमिकलच्या दुकानात मिळतं, ऑनलाइनही मिळतं. नळीत पाणी घ्यायचं, सांगितलेले थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की पट्टीवरच्या रंगाशी लगेच जुळवायचा. थांबून बघितलं तर रंग वाढतो आणि फसगत होते. रंग आलाच नाही तर क्लोरीन शून्य. ते रसायन चांगलं नाही, अंगाला लागू देऊ नका आणि पाणी मोरीत ओतून हात धुवा. परवडत असेल तर डीपीडीचं किट घ्या, त्यात गुलाबी रंग येतो आणि आकडा जास्त भरवशाचा असतो. एका दिवसाच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका. सप्लायच्या प्रत्येक दिवशी बघा: पाणी आल्याआल्या, अर्ध्या तासाने, आणि जमलं तर गल्लीच्या टोकाच्या घरी. वहीत तारखेसकट लिहून ठेवा.

दुसरी तपासणी जंतूंची. मानक स्पष्ट आहे, १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू) एकही सापडता कामा नये. यासाठी जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. नमुना मात्र मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत नेऊ नका. प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली मागून आणा. त्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. ते नसेल तर पाण्यातला क्लोरीन वाटेत जंतू मारत राहतो आणि तुमच्या नळावर नसलेली शुद्धता अहवालात उतरते. नळाचं तोंड पुसून ज्वालेने तापवायचं, पाणी थोडं वाहू द्यायचं, बाटली भरायची आणि थंड ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवायची. तालुक्याहून नांदेडला सकाळच्या एसटीने हे जमतं. एवढं करायचं नसेल तर एचटूएस व्हायल, म्हणजे घरीच जंतू तपासायची छोटी बाटली, मिळते. पाणी भरून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास उबदार जागी ठेवायचं, काळं पडलं तर दूषित धरायचं. ढोबळ चाचणी आहे, पण काळा रंग आला तर दुर्लक्ष करू नका.

तिसरी, रासायनिक. ही उन्हाळ्यात करा, बोअरचं पाणी मिसळतं तेव्हा, कारण पावसाळ्यातला रासायनिक अहवाल तुम्हाला धरणाचं पाणी दाखवेल. सगळे घटक नकोत, पैसे वाया जातात. फ्लोराइड, नायट्रेट, कठीणपणा, क्लोराइड, लोह आणि पीएच एवढे पुरे. यातल्या पहिल्या दोघांवर माझं लक्ष असतं. तुमच्याच जिल्ह्यात किनवटकडे आणि पलीकडे यवतमाळच्या पांढरकवडा-झरी भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचा त्रास जुना आहे. इष्ट मर्यादा १ मिलिग्रॅम, नाइलाज असेल तर दीड. त्याहून जास्त फ्लोराइड लहानपणी पोटात जात राहिला तर पक्क्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात, आणि तुमच्या मुलीचे पक्के दात आत्ताच घडतायत. मोठ्या प्रमाणात वर्षानुवर्षं गेला तर हाडं आणि सांधे आखडतात. नायट्रेटची मर्यादा ४५ आणि तिच्यात सूट नाही. शेतातला युरिया, गोठा, बोअरजवळचा शोषखड्डा यातून ते उतरतं. सहा महिन्यांखालच्या, वरचं दूध घेणाऱ्या बाळाला जास्त नायट्रेट धोक्याचं असतं, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडतं. एक गैरसमज इथेच काढून टाकतो. पाणी उकळल्याने फ्लोराइड किंवा नायट्रेट जात नाही, पाणी आटल्याने थोडं वाढतंच. उकळणं हा जंतूंवरचा इलाज आहे, तिथे तो पक्का आहे.

कठीणपणाबद्दल फार बोलणार नाही. मुतखड्याचा सगळा दोष लोक बोअरच्या पाण्यावर टाकतात. आपल्या उन्हात पाणी कमी पिणं हे त्याहून मोठं कारण असतं.

आता आरओ की जार. अहवालात फ्लोराइड किंवा नायट्रेट मर्यादेबाहेर आला, किंवा टीडीएस दोन हजाराच्या घरात गेला, तर आरओ घ्या, तिथे त्याला पर्याय कमी आहेत. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याला मी आरओ नको म्हणणार नाही. रसायनं मर्यादेत असतील तर तुम्हाला यूव्ही (अतिनील प्रकाशाने जंतू मारणारं) किंवा यूएफ (अतिबारीक छिद्रांच्या पडद्यातून पाणी गाळणारं) यंत्र पुरेसं आहे. यूव्हीला वीज आणि स्वच्छ पाणी लागतं, गढूळ पाण्यात प्रकाश पोचत नाही. यूएफचा गुरुत्वाकर्षणावर चालणारा फिल्टर लोडशेडिंगमध्येही चालतो. तो गाळ आणि जिवाणू अडवतो, पण विषाणूंसाठी प्रत्येक यूएफवर भिस्त ठेवता येत नाही, म्हणून काविळीची साथ असेल तेव्हा पाणी उकळाच. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर फेकतो. चार दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात हा हिशोब जड जातो. टीडीएस ५०० च्या आत असलेल्या भागांत आरओवर बंदी आणा असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्राला सांगितलं होतं, त्यामागे हीच नासाडी होती.

जारबाबत माझं मत वाईट आहे. सीलबंद बाटलीच्या पाण्याला आयएस १४५४३ हे मानक आणि अन्नसुरक्षेचा परवाना असतो. लग्नाकार्यात आणि दुकानांत येणारा झाकणाचा थंड जार बहुतेक वेळा या चौकटीत बसतच नाही. बोअरचं पाणी आरओतून काढलं, गार केलं, भरलं, संपलं. आरओ आणि कार्बन फिल्टरमधून गेल्यावर त्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. म्हणजे जार नीट धुतला नसेल, भरताना हात लागला असेल, तर पुढे जंतू वाढायला मोकळं रान. थंडपणामुळे ते शुद्ध वाटतं एवढंच.

तपासण्या होईपर्यंत घरात काय करायचं ते सांगतो. सप्लाय सुरू झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं येणारं पाणी पिण्यासाठी भरू नका, लाइनीत चार दिवस जे साचलं ते त्यात असतं. ते धुण्या-भांड्याला, झाडांना वापरा. पिण्याचं पाणी वेगळ्या, झाकणाच्या भांड्यात, तोटी असलेल्या पिंपात भरा, म्हणजे तांब्या बुडवावा लागत नाही. गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं नितळ पाणी गाळून घ्या आणि मग उकळा, किंवा क्लोरीनची अर्ध्या ग्रॅमची गोळी वीस लिटरला टाकून अर्धा तास झाकून ठेवा. मेडिक्लोरच्या (क्लोरीनचं द्रावण) बाटलीवर थेंबांचं प्रमाण दिलेलं असतं, तेच पाळा. क्लोरीनचा वास येतो म्हणून लोक नाक मुरडतात. तो वास आला तर मी उलट निर्धास्त होतो. माठात रात्रभर ठेवलं की वास जातो. गच्चीवरची सिंटेक्स आणि खालचा हौद पावसाळ्याआधी आणि नंतर घासून धुवा, आणि झाकण डास जाणार नाही असं घट्ट ठेवा. चार-पाच दिवसांचा साठा म्हणजे डेंग्यूच्या डासाला आयतं घर.

शेवटी नगरपंचायतीकडे काय मागायचं. 'पाणी खराब येतं' अशी तक्रार करू नका, तिचं उत्तर 'लाइन तपासली, ठीक आहे' असंच येतं. तुमच्या वहीतल्या तारखा आणि क्लोरीनचे आकडे जोडून लेखी द्या. त्याच तारखांची टाकीवरची ओटी रजिस्टरची पानं मागा, टीसीएलचा शेवटचा तपासणी अहवाल मागा, दिला नाही तर माहिती अधिकारात मागा. टाकीवर क्लोरीन शून्य निघाला तर प्रश्न पावडरीचा किंवा ती टाकणाऱ्याचा आहे, आठवड्यात सुटतो. टाकीवर ०.५ आणि तुमच्या नळावर शून्य निघाला तर क्लोरीन वाटेत खर्च होतोय, म्हणजे बहुधा मधे कुठेतरी गटार शिरतंय. मग व्हॉल्व्हमनला बरोबर घ्या, लाइनीचा रस्ता त्याच्याइतका कोणाला ठाऊक नसतो, नकाशे बहुतेक गावांत हरवलेले असतात. टाकीकडून तुमच्याकडे येताना एकेका गल्लीच्या पहिल्या नळावर ओटी करत या. ज्या दोन नळांच्या मधे पिवळा रंग नाहीसा होतो, त्या टप्प्यात पाइप जिथे जिथे गटार ओलांडतो तिथे खोदायला सांगा, आणि तुमच्या घरची जोडणी गटारातून येत असेल तर ती वर उचलून घ्यायचा खर्च स्वतःच करा, त्यासाठी ठरावाची वाट बघू नका.